गुडघ्याचा अस्थिसंधिशोथ : स्त्री-पुरुषांतील अक्षभेद

गुडघ्याच्या सांध्यातील उपास्थी झिजून सांध्यात वेदना, ताठरपणा व विकृती निर्माण होणे यास गुडघ्याचा अस्थिसंधिशोथ म्हणतात. या विकारात पायाचा उभा अक्ष ढळतो. गुडघा बाहेरच्या बाजूस बाक घेतो किंवा दुसऱ्या गुडघ्याकडे आत झुकतो. विकाराचे प्रमाण, बाकाची दिशा व रुग्ण उपचारास येतो त्या वेळची बाकाची तीव्रता या तिन्ही बाबतींत स्त्री व पुरुष यांच्यात फरक आढळतो. यांपैकी काही फरक हाडांच्या घडणीमुळे, काही शरीरक्रियेमुळे, तर काही राहणी, श्रम व उपचारांतील विलंब यांमुळे पडतो. पहिल्या दोहोंवर उपाय मर्यादित आहेत. तिसरा मात्र टाळता येण्याजोगा आहे. म्हणून या तिहींचा वेगवेगळा विचार करणे आवश्यक ठरते.

संधिरचना व अक्ष : गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा सांधा असून तो ऊर्वस्थी (मांडीचे हाड), अंतर्जंघास्थी (नडगीचे हाड) व जानुका (गुडघ्याची वाटी) यांचा बनलेला आहे. ऊर्वस्थीच्या खालच्या टोकास दोन गोलसर उंचवटे असतात. ते अंतर्जंघास्थीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकतात. त्यामुळे सांध्याचे आतला व बाहेरचा असे दोन कप्पे पडतात; जानुका व ऊर्वस्थी यांमधला तिसरा कप्पा होय. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत उपास्थीचे आवरण असते आणि दोन्ही कप्प्यांत चंद्रकोरीच्या आकाराची एकेक उपास्थी चकती असते. या चकत्यांमुळे भार विस्तृत पृष्ठावर पसरतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे व मधले संधिबंध त्यास स्थैर्य देतात, तर मांडीच्या पुढील भागातील चतुःशिरस्क स्नायू पाय सरळ करण्याचे व पावलागणिक बसणारा हिसका शोषून घेण्याचे काम करतो.

उभ्या माणसाच्या खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत कल्पिलेल्या सरळ रेषेस पायाचा यांत्रिक अक्ष म्हणतात. ही रेषा गुडघ्याच्या मध्यातून किंवा त्याच्या अगदी जवळून जात असेल, तर पाय सरळ आहे असे मानतात. रेषा गुडघ्याच्या मध्याच्या आतल्या बाजूने जात असेल, तर गुडघा बहिर्वक्र होय. दोन्ही पाय असे असल्यास घोटे जुळवून उभे राहिले असता गुडघ्यांमध्ये फट राहते व पाय धनुष्याकृती दिसतात. बोलीत अशा पायांना फेंगडे पाय म्हणतात. रेषा बाहेरच्या बाजूने जात असेल, तर गुडघा अंतर्वक्र होय. अशा व्यक्तीचे गुडघे एकमेकांना लागतात व घोटे दूर राहतात. यांत्रिक अक्ष सरळ असला, तरी मांडी व नडगी ही दोन हाडे एका रेषेत नसतात. ऊर्वस्थी खुब्यापासून खाली येताना आत कललेली असल्याने दोन हाडांमध्ये सु. ५ ते ७ अंशांचा स्वाभाविक कोन असतो.

अक्ष जन्मापासून स्थिर नसतो. तान्ह्या मुलाचे पाय बहिर्वक्र असतात. ते दीड ते दोन वर्षांच्या सुमारास सरळ होतात, तीन ते चार वर्षांच्या वयात गुडघे लक्षणीय अंतर्वक्र होतात आणि सातव्या वर्षाच्या सुमारास प्रौढाप्रमाणे अक्ष येतो. या क्रमाचे सविस्तर मापन सालेनियस व व्हांका यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. मुडदूस झालेल्या मुलांत हा क्रम बिघडतो व बाक कायम राहतो. पिण्याच्या पाण्यातील फ्ल्युओराइडाचे अतिरेकी प्रमाण हेही एक कारण आहे. नळगोंडा जिल्ह्यातील अशा अंतर्वक्र गुडघ्यांचे वर्णन हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ मध्ये केले होते.

निरोगी स्त्री-पुरुषांतील फरक : स्त्रीची श्रोणी तुलनेने रुंद असल्यामुळे तिचे गुडघे आत झुकलेले असतात, असे सामान्यतः सांगितले जाते. श्रोणीच्या पुढील उंचवट्यापासून जानुकेपर्यंत व जानुकेपासून अंतर्जंघास्थीवरील उंचवट्यापर्यंत काढलेल्या रेषांमधील कोन स्त्रियांत काही अंशांनी अधिक भरतो, हे खरे आहे. तथापि या फरकाचा मोठा भाग उंचीशी निगडित आहे. समान उंचीचे स्त्री-पुरुष घेतल्यास तो बराच कमी होतो. म्हणून रुंद श्रोणीवरूनच सर्व उलगडा करणे बरोबर नाही.

यांत्रिक अक्षाच्या मापनातून अधिक निश्चित माहिती मिळाली आहे. बेल्जियममधील योहान बेलेमान्स व त्यांचे सहकारी यांनी २० ते २७ वर्षे वयाच्या २५० निरोगी व्यक्तींच्या दोन्ही पायांचे पूर्ण लांबीचे क्ष-किरण चित्रण केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ३२% पुरुषांचे व १७% स्त्रियांचे गुडघे तीन अंश किंवा त्याहून अधिक बहिर्वक्र आढळले. ही विकृती नसून त्या व्यक्तींची स्वाभाविक घडण होती. तीस त्यांनी प्रकृतिसिद्ध बहिर्वक्रता मानले. मुंबईतील अस्थिव्यंगचिकित्सक अरुण मुल्लाजी व सहकारी यांनी कोरियन संशोधकांसमवेत निरोगी भारतीय व कोरियन प्रौढांचे असेच मापन केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सु. एक-तृतीयांश पाय बहिर्वक्र निघाले. अंतर्जंघास्थीच्या माथ्याचा आतल्या बाजूस असलेला उतार हे त्याचे एक प्रमुख कारण होते. सारांश, पाय पूर्ण सरळ असणे हा सार्वत्रिक नियम नाही आणि तारुण्यात बहिर्वक्र गुडघे स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक असतात.

अक्ष व झीज यांचा संबंध : सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून अधिक आणि जिना चढता-उतरताना तिपटीहून अधिक दाब येतो. जमिनीकडून येणारी प्रतिक्रिया गुडघ्याच्या आतल्या बाजूने जात असल्यामुळे सरळ पायातही एकूण दाबाचा सु. ६० ते ७०% भाग आतल्या कप्प्यावर पडतो. गुडघा बहिर्वक्र असल्यास हा वाटा आणखी वाढतो. अंतर्वक्र असल्यास भार बाहेरच्या कप्प्याकडे सरकतो. ज्या कप्प्यावर भार अधिक, तेथील उपास्थी झिजते, कप्प्याची उंची घटते आणि पाय त्याच दिशेने अधिक वाकतो. वाकल्यामुळे भार आणखी वाढतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की बाक हा झिजेचे कारणही होतो आणि परिणामही.

शिकागो येथील लीना शर्मा व सहकारी यांनी २००१ मध्ये या चक्राचा पुरावा दिला. अस्थिसंधिशोथ असलेल्या रुग्णांची अठरा महिने पाहणी केली असता बहिर्वक्र गुडघ्यांत आतल्या कप्प्याची झीज वाढण्याचा संभव सु. चौपट, तर अंतर्वक्र गुडघ्यांत बाहेरच्या कप्प्याची झीज वाढण्याचा संभव सु. पाचपट आढळला. लठ्ठपणामुळे या दोहोंत भर पडते.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. केवळ अक्षानेच रोग होत असता, तर ज्यांचे पाय मुळात अधिक बहिर्वक्र असतात त्या पुरुषांत आतल्या कप्प्याची झीज अधिक आढळावयास हवी होती. प्रत्यक्षात उतारवयात गुडघ्याचा अस्थिसंधिशोथ स्त्रियांत अधिक आढळतो. यावरून जन्मजात घडण हे अनेक कारणांपैकी एक ठरते आणि स्त्रियांतील आधिक्याची कारणे अन्यत्र शोधावी लागतात.

स्त्रियांतील आधिक्याची कारणे : स्त्रियांच्या गुडघ्यातील उपास्थीचे एकूण आकारमान व जाडी पुरुषांपेक्षा कमी असते. चतुःशिरस्क स्नायूचे बळही शरीराच्या वजनाच्या मानाने कमी असते. त्यामुळे हिसका शोषण्याची क्षमता उणी पडते. साधारणपणे पन्नाशीपर्यंत दोन्ही लिंगांतील रोगाचे प्रमाण फारसे भिन्न नसते. त्यानंतर स्त्रियांतील प्रमाण झपाट्याने वाढते. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीमदजन हॉर्मोनांची पातळी घटते, तिच्याशी या वाढीचा संबंध जोडला जातो. त्याच वयात वजन वाढणे, स्नायू क्षीण होणे व हाडे ठिसूळ होणे हेही बदल घडत असल्याने हॉर्मोनांचा स्वतंत्र वाटा वेगळा काढणे कठीण असते.

झिजेच्या ठिकाणातही फरक आहे. दोन्ही लिंगांत आतल्या कप्प्याची झीजच सर्वांत अधिक आढळते. तथापि बाहेरच्या कप्प्याची झीज व तीमुळे येणारी अंतर्वक्रता यांचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त असते, असे अमेरिकेतील मोठ्या पाहण्यांत दिसून आले. जानुकेमागील कप्प्याची झीजही स्त्रियांत अधिक आढळते. संधिवाताभ संधिशोथ हा वेगळा रोग स्त्रियांत पुरुषांच्या सु. तिप्पट होतो. त्यात संपूर्ण सांध्याची हानी होऊन गुडघा पुष्कळदा अंतर्वक्र होतो. म्हणून अंतर्वक्र गुडघा घेऊन आलेल्या स्त्रीत या रोगाची शंका घेऊन तपासणी करावी लागते. क्वचित एक गुडघा बाहेर व दुसरा आत वाकून दोन्ही पाय वाऱ्याने एका बाजूस झुकल्यासारखे दिसतात. पुरुषांत तरुणपणी झालेली इजा, फाटलेली उपास्थी चकती किंवा अस्थिभंग यांनंतर एकाच गुडघ्यात विकृती येण्याचे उदाहरण तुलनेने अधिक दिसते, तर स्त्रियांत दोन्ही गुडघे एकाच वेळी बिघडण्याकडे कल असतो.

आशियाई लोकांतील चित्र पाश्चात्त्यांहून थोडे निराळे आहे. बीजिंग येथील वृद्धांच्या पाहणीत तेथील स्त्रियांमध्ये गुडघ्याचा अस्थिसंधिशोथ अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील स्त्रियांपेक्षा अधिक आढळला आणि बाहेरच्या कप्प्याच्या झिजेचे प्रमाणही तुलनेने जास्त निघाले. याच पाहणीत तरुणपणी रोज तीन तास वा अधिक काळ उकिडवे बसणाऱ्यांत विकाराचा संभव दुपटीच्या आसपास वाढलेला दिसला. शौचास किंवा जेवणास अल्पकाळ उकिडवे वा मांडी घालून बसण्याशी या निष्कर्षाचा संबंध नाही. काही तास त्या स्थितीत राहून करावे लागणारे काम येथे अभिप्रेत आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे अरविंद चोप्रा व सहकारी यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या पद्धतीनुसार संधिविकारांची घरोघर पाहणी सुरू केली. त्यात ४,०९२ प्रौढांपैकी सु. १८% व्यक्तींना हाडे, सांधे वा स्नायू यांच्या तक्रारी होत्या. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती आणि दुखऱ्या सांध्यांत गुडघ्याचा क्रमांक वरचा होता. ग्रामीण माणसाचे सांधे श्रमामुळे बळकट राहतात, या समजुतीस या पाहणीने धक्का दिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व पुण्यासह आग्रा, बेंगळुरू, कोलकाता आणि डेहराडून या भागांत केलेल्या पाहणीत चाळिशीपुढील व्यक्तींमध्ये गुडघ्याच्या अस्थिसंधिशोथाचे प्रमाण २८.७%, तर केवळ स्त्रियांत ते ३१.६% आढळले.

रोगग्रस्त गुडघ्यांच्या अक्षाचा अभ्यास प्रामुख्याने मुंबईत झाला. भारतीय रुग्णांत, स्त्री असो वा पुरुष, बहुसंख्य गुडघे बहिर्वक्र झालेले आढळतात. त्यांपैकी बऱ्याच रुग्णांत ऊर्वस्थीलाही बाहेरच्या बाजूस बाक असतो, असे मुल्लाजी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. अशा रुग्णात केवळ गुडघ्याभोवतीच्या लहान क्ष-किरण चित्रावरून अक्ष ठरविल्यास फसगत होते. खुब्यापासून घोट्यापर्यंतचे संपूर्ण चित्र आवश्यक ठरते.

ग्रामीण व डोंगराळ भागात रोगाची कारणे कशी एकत्र येतात, याचे उदाहरण म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा तालुक्याचा विचार करता येतो. दक्षिणेस तापीचे खोरे व उत्तरेस सातपुड्याच्या रांगा यांच्या दरम्यान वसलेल्या या तालुक्यात भिल्ल, पावरा इ. आदिवासी जमातींची वस्ती मोठी आहे. शेतीतील निंदणी, खुरपणी व मिरचीची तोडणी ही कामे मुख्यतः स्त्रिया उकिडव्या बसून किंवा कमरेत वाकून करतात. डोंगरउतारावरून पाण्याची भांडी व जळाऊ लाकडाच्या मोळ्या डोक्यावर वाहून आणणे हेही त्यांच्याकडेच असते. या जिल्ह्यातून अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी हंगामी स्थलांतर करून दक्षिण गुजरातेत जातात. तेथे तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून त्या डोक्यावरून वाहनापर्यंत नेण्याच्या कामात स्त्रियांचा मोठा वाटा असतो. डोक्यावर ओझे असताना उतार उतरणे, हे गुडघ्याच्या दृष्टीने सर्वांत कष्टाच्या क्रियांपैकी एक आहे. वाढलेला भार आधीच आतल्या कप्प्यावर एकवटलेला असतो आणि थकलेला स्नायू तो शोषू शकत नाही. सारे आयुष्य कृश राहिलेल्या व लठ्ठपणाचा लवलेश नसलेल्या स्त्रीचेही गुडघे साठीपूर्वी वाकलेले का दिसतात, याचा उलगडा या श्रमांच्या स्वरूपावरून होऊ शकतो.

या भागात निदान करताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. सातपुड्यातील आदिवासी जमातींत दात्र-कोशिका विकार हा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो. त्यात हाडांना होणारा रक्तपुरवठा खंडित होऊन, विशेषतः ऊर्वस्थीच्या माथ्याचा, ऊतकनाश होऊ शकतो. खुब्यातील वेदना पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. म्हणून तरुण रुग्णाचा गुडघा दुखत असेल आणि गुडघ्यात दोष दिसत नसेल, तर खुब्याची व रक्ताची तपासणी केल्याखेरीज अस्थिसंधिशोथाचे निदान करू नये.

लक्षणे व मापन : आरंभी जिना उतरताना, बसलेल्या स्थितीतून उठताना किंवा बराच वेळ चालल्यावर गुडघ्याच्या आतल्या बाजूस दुखते व विश्रांतीने थांबते. सकाळी काही मिनिटे ताठरपणा जाणवतो. पुढे गुडघ्यात कुरकुर, अधूनमधून सूज, पूर्ण वाकविण्यास वा सरळ करण्यास अडथळा आणि अखेरीस विश्रांतीतही वेदना ही लक्षणे दिसतात. बहिर्वक्र रुग्ण चालताना पावलागणिक गुडघा बाहेर झटकला जातो व चाल डुलती होते. क्ष-किरण चित्रावरून झिजेची शून्य ते चार अशी प्रतवारी केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये सुचविली. ती आजही प्रचारात आहे. हे चित्र उभ्या स्थितीत घेणे आवश्यक असते. निजलेल्या रुग्णाच्या चित्रात कप्प्याची फट खोटी रुंद दिसते व बाक लपतो.

क्ष-किरण यंत्र हाताशी नसतानाही अक्षाचा अंदाज घेता येतो. रुग्णास वाट्या समोर ठेवून अनवाणी उभे करावे. दोन्ही घोटे जुळत असतील व गुडघे दूर राहत असतील, तर गुडघ्यांमधील अंतर फीतपट्टीने मोजावे. गुडघे जुळत असून घोटे दूर राहत असतील, तर घोट्यांमधील अंतर मोजावे. हेच माप दर सहा महिन्यांनी नोंदविल्यास बाक वाढत आहे किंवा नाही हे कळते. एकाच पायाचा बाक असल्यास ओळंब्याच्या दोरीचा उपयोग होतो : दोरीचे वरचे टोक जांघेच्या मध्यावर धरून खालचा ओळंबा घोट्याच्या मध्यावर येईल अशा रीतीने रुग्णास उभे केले म्हणजे दोरी वाटीच्या कोणत्या बाजूने जाते हे दिसते. एका वेळच्या मापापेक्षा त्यातील बदल अधिक महत्त्वाचा असतो; कारण स्थिर राहिलेला थोडा बाक प्रकृतिसिद्ध असू शकतो, वाढता बाक मात्र रोगाचा निदर्शक होय.

चिकित्सा : झिजलेली उपास्थी पूर्ववत करणारे औषध उपलब्ध नाही. सौम्य व मध्यम अवस्थेत चतुःशिरस्क स्नायूचे व्यायाम हा मुख्य उपाय होय. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही सेकंद धरून ठेवणे किंवा उताणे निजून सरळ पाय उचलणे हे व्यायाम कोणत्याही साधनाविना करता येतात. वजन अधिक असल्यास ते घटविणे लाभदायक असते. एक किग्रॅ. वजन कमी झाल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील दाब सु. चार किग्रॅ. घटतो, असे मापनात दिसले आहे. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी धरल्यास भार हलका होतो. तीच बाजू धरणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. निंदणी वा निवडणीसारखी कामे बुटक्या पाटावर किंवा चौरंगावर बसून करणे आणि ओझे थोडे थोडे करून वाहणे, हे बदल औषधाइतकेच उपयुक्त ठरतात. वेदनाशामक औषधे गरजेपुरती व वैद्यकीय सल्ल्याने घ्यावी लागतात. दीर्घकाळ स्वेच्छेने घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना इजा होते. बुटात बाहेरच्या कडेस घालावयाच्या पाचरींनी वेदनेत फारसा उतार पडत नाही.

झीज एकाच कप्प्यापुरती मर्यादित असून रुग्ण तुलनेने तरुण असल्यास अंतर्जंघास्थी कापून तिचा कोन बदलण्याची शस्त्रक्रिया करतात. जॅक्सन व वॉ यांनी १९६१ मध्ये तिचे वर्णन केले व पुढे अमेरिकेतील मार्क कोव्हेंट्री यांनी तिचा प्रसार केला. येथे अक्षच बदलला जात असल्याने भार निरोगी कप्प्याकडे वळतो. झीज सर्वत्र पसरल्यावर कृत्रिम सांध्याचे रोपण करतात. न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल व भारतात जन्मलेले चित्तरंजन राणावत प्रभृतींनी विकसित केलेला सांधा १९७४ मध्ये प्रथम बसविण्यात आला. तो आधुनिक सांध्यांचा आदर्श ठरला. रोपणानंतर पाय पूर्ण सरळ करावा हे इन्सॉल यांचे तत्त्व दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. प्रकृतिसिद्ध बहिर्वक्रतेची माहिती झाल्यावर काही शल्यचिकित्सक रुग्णाचा मूळ अक्ष अंशतः राखणे पसंत करू लागले. याविषयी तज्ज्ञांत एकमत झालेले नाही.

कृत्रिम सांध्याच्या मापांचा प्रश्न भारतीय स्त्रियांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरला. मुंबईतील एस. व्ही. वैद्य, एन. एस. लाड इत्यादींनी राणावत यांच्यासह भारतीय रुग्णांच्या गुडघ्यांची सीटी स्कॅनने मापे घेतली. २०००  मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या ऊर्वस्थीचे पुढून मागचे माप त्या वेळी उपलब्ध असलेल्या सर्वांत लहान सांध्याहूनही कमी भरले. प्रमाणाबाहेर मोठा सांधा बसविल्यास तो मऊ ऊतकांवर घासतो व गुडघा पुरेसा वाकत नाही. पुढे लहान मापांचे सांधे तयार होऊ लागले. २००६ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून निराळ्या आकाराचा सांधाही बाजारात आला. परंतु कोरियात एकाच स्त्रीच्या एका गुडघ्यात नेहमीचा व दुसऱ्यात हा नवा सांधा बसवून केलेल्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. सांधा स्त्रीचा की पुरुषाचा यापेक्षा तो त्या रुग्णाच्या हाडास योग्य मापाचा आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे, असा यातून बोध होतो.

उपचारांतील विषमता : स्त्रिया उपचारास उशिरा येतात व आल्यावरही त्यांना शस्त्रक्रिया कमी वेळा सुचविली जाते, असे अनेक देशांत दिसून आले आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत खुबा वा गुडघा यांच्या रोपणाची गरज असूनही ते न झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या तिपटीहून अधिक आढळले. त्याच प्रांतात नंतर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सारख्याच झिजेचा व सारख्याच तक्रारी सांगणारा एक पुरुष व एक स्त्री यांना ७१ वैद्यांकडे पाठविण्यात आले. दोन-तृतीयांश वैद्यांनी पुरुषास रोपणाची शिफारस केली. स्त्रीस ती केवळ एक-तृतीयांशांनी केली. संपन्न व सार्वजनिक आरोग्यसेवा असलेल्या प्रदेशात ही स्थिती असेल, तर जेथे दवाखान्यापर्यंतचा प्रवासच रोजगार बुडवून करावा लागतो तेथे विलंब अधिक संभवतो. घरातील पाणी, सरपण व स्वयंपाक यांतून सुटका नसल्यामुळे आणि दुखणे हे वयोमानाचे लक्षण मानले गेल्यामुळे ग्रामीण स्त्री बहुधा चालणे अशक्य झाल्यावरच तपासणीस येते. तोपर्यंत बाक वाढलेला, संधिबंध एका बाजूस सैल व दुसऱ्या बाजूस आखडलेले आणि हाड झिजून खचलेले असते. अशा गुडघ्याची शस्त्रक्रिया अवघड होते. हाडाच्या खचलेल्या भागास आधार द्यावा लागतो व क्वचित अधिक गुंतागुंतीचा, महाग सांधा वापरावा लागतो. हाड कापून अक्ष बदलण्याच्या तुलनेने सोप्या शस्त्रक्रियेची वेळ तर केव्हाच टळून गेलेली असते.

खर्चाचा अडसर काही अंशी कमी झाला आहे. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरातील कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत त्या वेळी करांखेरीज ५४,७२० रुपये निश्चित करण्यात आली. नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने तज्ज्ञांची सेवा सातपुड्याच्या पायथ्याजवळ आली. तथापि वेळीच ओळख हा सर्वांत स्वस्त उपाय राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात चाळिशीपुढील प्रत्येक गुडघेदुखीच्या रुग्णास उभे करून पायांचा अक्ष पाहणे, गुडघ्यांमधील अंतर मोजून नोंदविणे, व्यायाम शिकविणे आणि बाक वाढत असल्यास पुढे पाठविणे एवढ्याने पुष्कळ गुडघे अखेरच्या अवस्थेपासून दूर ठेवता येतील. आतापर्यंतच्या माहितीवरून तारुण्यात स्त्रीचा गुडघा पुरुषाच्या गुडघ्यापेक्षा अधिक वाकडा असतो, असे म्हणता येत नाही. उतारवयात तो अधिक वाकलेला दिसत असेल, तर त्यातील बराचसा बाक निसर्गदत्त नसून मधल्या वर्षांत आलेला असतो.